दवाखान्याची पात्रता-परीक्षा

मुलुख सोडून परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांत दोन चिंता कायम वस्तीला असतात. एक मुलांच्या शिक्षणाची आणि दुसरी वडीलधाऱ्यांच्या औषधपाण्याची. पहिल्या चिंतेविषयी आपण चार माणसांत मोकळेपणाने बोलतो. दुसरीविषयी बोलतो ते बहुधा फोनवर, हळू आवाजात, आणि तेही इस्पितळाचे बिल हातात पडल्यानंतर. म्हणून ह्या दुसऱ्या विषयासंबंधी, आणि त्यातल्या एका फारशा परिचित नसलेल्या भागासंबंधी, चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे. वाचकांपैकी ज्यांनी आपल्या आईवडिलांस अमेरिकेत बोलावून घेतले आहे किंवा बोलावण्याच्या विचारात आहेत, त्यांस त्याचा काही उपयोग झाला तर आमचे श्रम कारणी लागले असे आम्ही समजू.

ह्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्या मुलाने किंवा मुलीने आईबापांस बोलावले म्हणजे त्यांस ग्रीन कार्ड मिळते. परंतु पासष्टी उलटलेली असली तरी मेडिकेअरचे दार लगेच उघडत नाही. स्वतः किंवा जोडीदाराने येथे पुरेशी वर्षे नोकरी केलेली नसेल तर सलग पाच वर्षांचे वास्तव्य पुरे व्हावे लागते, आणि त्यानंतरही हप्ता भरावा लागतो. गरिबांसाठी असलेल्या मेडिकेड योजनेतही बहुतेक राज्यांत प्रौढ माणसास अशीच पाच वर्षांची वाट पाहावी लागते. बाजारात विकतचा विमा मिळतो, पण त्याचा हप्ता प्रत्येक घरास झेपतोच असे नाही. ज्या वयात माणसास डॉक्टरची गरज सर्वांत अधिक, नेमकी त्या वयातली पाच वर्षे अशी अधांतरी जातात.

२०१८ साली आमच्या मातोश्री ठाण्याहून आमच्याकडे कायमच्या राहावयास आल्या तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. मधुमेह आणि रक्तदाब हे त्यांचे दोन जुने सोबती त्यांच्याबरोबरच विमानातून उतरले. तिकडे त्यांचे डॉक्टर ठरलेले, औषधाचे दुकान कोपऱ्यावर, आणि अगदी अडचण पडली तर म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात केसपेपर काढून बाकावर बसण्याची सवय. येथे आल्यावर दोन महिन्यांत बरोबर आणलेल्या गोळ्या संपत आल्या आणि आम्ही जागे झालो. शेजारच्या एका बाईंनी आम्हांस गावातल्या एका दवाखान्याचा पत्ता दिला. जुन्या शाळेच्या इमारतीत, तळमजल्यावर, तीन खोल्यांत तो चाले. वीस वर्षांपूर्वी काही सेवाभावी डॉक्टर आणि व्यापारी मंडळींनी एक संस्था काढून तो सुरू केला होता. तेथे विम्याचे कार्ड कोणी प्रथम मागितले नाही. प्रथम विचारले ते हे की, "काय होते आहे?" हा प्रश्न ऐकून मातोश्रींच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले ते आमच्या अजून स्मरणात आहे.

पुढे वर्षभराने त्या दवाखान्याच्या नियामक मंडळावर यावे अशी आम्हांस विनंती झाली. आम्ही काही वैद्यकशास्त्राचे जाणकार नव्हे, आणि मोठे देणगीदारही नव्हे. तेव्हा आमच्यात काय पाहिले, असे आम्ही स्पष्टच विचारले. उत्तर आले की, दवाखाना सरकारी मान्यतेसाठी अर्ज करणार आहे, आणि सरकारला मंडळावर डॉक्टर व देणगीदार यांच्यापेक्षा रुग्ण अधिक हवे आहेत. अशा रीतीने आम्ही एका परीक्षेस बसलो, जिची तयारी पुढे चार वर्षे चालली.

ही मान्यता म्हणजे काय हे समजावयाचे तर थोडे मागे जावे लागेल. आणि त्या मागच्या गोष्टीत आपल्या लोकांस कौतुक वाटावे असा एक धागाही आहे. १९४० साली दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात फोलेला येथे सिडनी कार्क आणि एमिली कार्क ह्या डॉक्टर दांपत्याने एक आरोग्य केंद्र उघडले. रोगी दारात येण्याची वाट न पाहता, वस्तीतली घरे, पाणी, शेती, अन्न ह्या सर्वांची पाहणी करावी आणि रोगाच्या मुळाशी जावे, अशी त्यांची पद्धत. १९५७ साली जॅक गायगर नावाचा एक अमेरिकन विद्यार्थी तेथे जाऊन हे काम पाहून आला. पुढे डॉक्टर झाल्यावर, बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातील डॉक्टर काउंट गिब्सन यांच्या सोबतीने, त्याने सरकारच्या दारिद्र्य-निवारण योजनेतून पैसा मिळविला आणि १९६५ साली बॉस्टनमधील कोलंबिया पॉइंट ह्या गरीब वसाहतीत अमेरिकेतले पहिले वस्ती-आरोग्य केंद्र सुरू केले. दुसरे केंद्र मिसिसिपी राज्यातील माउंड बायू येथे निघाले. तेथील मुले उपासमारीने आजारी पडतात हे पाहून डॉक्टर मंडळी औषधाच्या चिठ्ठीवर धान्य आणि दूध लिहून देऊ लागली, आणि ते बिल औषधखात्यात टाकू लागली. वरिष्ठांनी हरकत घेतली तेव्हा, भुकेवर अन्नाखेरीज दुसरे औषध आपल्या पुस्तकात नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांस मिळाले.

इकडे कार्क दांपत्य दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीमुळे देश सोडून निघाले आणि १९५९ च्या सुमारास जेरुसलेमला आले. तेथे हदासा संस्थेच्या किर्यात हायोव्हेल येथील आरोग्य केंद्रात त्यांनी तेच काम नव्याने उभे केले. किर्यात हायोव्हेल ही नवागत कुटुंबांनी वसलेली वस्ती. म्हणजे फोलेलाच्या झाडाची एक फांदी मिसिसिपीत रुजली आणि दुसरी जेरुसलेमात. आपल्या पुष्कळ वाचकांचे नातलग त्या दुसऱ्या देशात आहेत आणि वाचक स्वतः ह्या देशात. म्हणून हा योगायोग येथे नमूद करून ठेवावासा वाटला.

अमेरिकेतील ह्या केंद्रांस १९७५ साली कायद्यात स्वतंत्र स्थान मिळाले. १९८९ च्या कायद्याने मेडिकेडमध्ये आणि १९९० च्या कायद्याने मेडिकेअरमध्ये त्यांस विशेष दराने मोबदला देण्याची सोय झाली. कायद्याच्या भाषेत त्यांस 'फेडरली क्वालिफाइड हेल्थ सेंटर', म्हणजे केंद्र सरकारने पात्र ठरविलेले आरोग्य केंद्र, असे म्हणतात. त्यांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारच्या केंद्रांस सरकारकडून दरसालचे अनुदान मिळते. दुसऱ्या प्रकारच्या केंद्रांस अनुदान मिळत नाही, पण ती सर्व नियम पाळतात आणि म्हणून मोबदल्याच्या बाबतीत त्यांस तीच पात्रता मिळते. ह्या दुसऱ्या प्रकारास 'लुक-अलाइक' असे नाव आहे. हुबेहूब तसेच दिसणारे! नाव ऐकून मातोश्री म्हणाल्या, "म्हणजे सख्खी बहीण, पण हुंडा न घेता आलेली." ह्याहून चांगली व्याख्या आम्हांस अद्याप कोठे आढळलेली नाही.

अनुदान नाही, तर मग ह्या मान्यतेचा उपयोग काय, असा प्रश्न वाचक विचारतील. उपयोग मोठा आहे. मेडिकेडचा रुग्ण साध्या दवाखान्यात आला तर मिळणारी रक्कम बहुधा खर्चासही पुरत नाही. मान्यताप्राप्त केंद्रास मात्र प्रत्येक भेटीमागे त्याच्या खर्चावर आधारलेला दर मिळतो. औषध कंपन्यांकडून सवलतीच्या दराने औषधे घेता येतात. इन्सुलिनवर जगणाऱ्या रुग्णास ह्याचा अर्थ काय हे सांगावयास नको. शिवाय असे केंद्र डॉक्टरांच्या टंचाईचे ठिकाण म्हणून आपोआप गणले जाते, आणि शिक्षणाचे कर्ज डोक्यावर असलेले तरुण डॉक्टर, सरकारने ते कर्ज फेडावे ह्या योजनेखाली, तेथे येऊन काम करू शकतात. एक उणीवही सांगितली पाहिजे. अनुदानित केंद्रांस डॉक्टरांवरील दाव्यांसाठी सरकारचे जे संरक्षण मिळते, ते लुक-अलाइक केंद्रास मिळत नाही. तो विमा त्याला आपल्या खिशातून घ्यावा लागतो.

आमच्या दवाखान्यास हे सर्व मिळणे न मिळणे हा हौसेचा प्रश्न नव्हता. २०२० च्या साथीत देणग्या आटल्या. २०२१ साली संध्याकाळची दोन सत्रे बंद करावी लागली. दिवसपाळीचे कामगार संध्याकाळीच येऊ शकत. ते येईनासे झाले. आमच्या रस्त्यावरचा एक गृहस्थ, गोदामात माल चढविणारा, पायाची जखम घेऊन तीन आठवडे घरी बसला आणि शेवटी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात पोहोचला; त्याची दोन बोटे कापावी लागली. संध्याकाळचे सत्र चालू असते तर बोटे वाचलीच असती असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तो आला असता, एवढे निश्चित. त्यानंतरच्या बैठकीत अर्ज करण्याचा ठराव एकमताने संमत झाला.

पहिली पात्रता स्थळाची. ज्या वस्तीची सेवा करावयाची, ती वैद्यकीय सेवेस वंचित असल्याचे सरकारने मान्य केलेले असावे लागते. त्यासाठी चार गोष्टी मोजतात: दर हजार लोकांमागे डॉक्टर किती, बालमृत्यूचे प्रमाण किती, दारिद्र्यरेषेखालील लोक शेकडा किती आणि पासष्ट वर्षांवरील माणसे शेकडा किती. ह्या चारांचे गुण मिळून शून्य ते शंभर असा एक आकडा निघतो, आणि तो ६२ किंवा त्याहून कमी असेल तर वस्ती पात्र ठरते. जन्मभर परीक्षांत अधिक गुण मिळविण्याची धडपड केलेल्या आपल्यासारख्या लोकांस, कमी गुणांवर उत्तीर्ण होण्याची ही रीत चमत्कारिक वाटेल. आमची वस्ती पूर्वीच त्या यादीत होती, म्हणून ही पायरी आम्ही सहज चढलो.

दुसरी पात्रता कारभाराची, आणि येथे खरी चढण लागली. मेरीलँडमधील रॉकव्हिल येथे मुख्य कचेरी असलेले एच.आर.एस.ए. हे खाते ह्या केंद्रांचा कारभार पाहते. २०१७ साली त्याने नियमांचे एकवीस प्रकरणांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. आमच्या मंडळाने ते प्रकरणाप्रमाणे वाटून घेतले. कोणत्या सेवा द्यावयाच्या, दवाखाना बंद असताना रुग्णाच्या फोनला कोणी उत्तर द्यावयाचे, डॉक्टर व नर्स यांची प्रमाणपत्रे कशी तपासावयाची, इंग्रजी न येणाऱ्या रुग्णासाठी दुभाषा कोठून आणावयाचा, हिशेब कसे ठेवावयाचे, सर्व काही त्यात आहे. प्रत्येक गोष्ट लेखी असावी, मंडळाने संमत केलेली असावी, आणि ती खरोखर पाळली जाते ह्याचा पुरावा असावा. नुसते "आम्ही तसेच करतो" हे उत्तर चालत नाही. वीस वर्षे मनापासून काम केलेल्या नर्सबाई एकदा उद्वेगाने म्हणाल्या, "मी रुग्णाचा हात धरते तेही आता लिहून ठेवू काय?" त्यांचे दुःख आम्हांस समजले. पण त्या निवृत्त झाल्यावर तो हात कोण धरील, ह्याची तरतूद कागदाखेरीज होत नाही, हेही तितकेच खरे.

फीचे प्रकरण आमच्या वाट्यास आले. नियम असा: पैसे देता येत नाहीत म्हणून कोणालाही परत पाठवावयाचे नाही. ज्यांचे उत्पन्न सरकारने ठरविलेल्या दारिद्र्यपातळीएवढे किंवा त्याहून कमी, त्यांस पूर्ण सूट, किंवा फार तर नाममात्र फी. त्या पातळीच्या शंभर ते दोनशे टक्के उत्पन्न असणाऱ्यांस ऐपतीप्रमाणे निदान तीन पायऱ्यांची सूट. दोनशे टक्क्यांच्या वर ही सूट नाही. २०२५ साली ही पातळी एका माणसाच्या कुटुंबास वर्षाला १५,६५० डॉलर आणि चार माणसांच्या कुटुंबास ३२,१५० डॉलर अशी होती. सूट ठरविताना फक्त दोनच गोष्टी पाहावयाच्या: उत्पन्न आणि कुटुंबातील माणसांची संख्या. घर कोणाचे, गाडी कोणती, ह्याची चौकशी करावयाची नाही. मात्र 'उत्पन्न' म्हणजे काय आणि 'कुटुंब' म्हणजे कोण, ह्यांच्या व्याख्या केंद्राने स्वतः लिहावयाच्या आणि सर्वांस सारख्याच लावावयाच्या.

कुटुंब म्हणजे कोण? वाचकहो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आमच्या दवाखान्याची जुनी रीत अशी की, प्रत्येक प्रौढ रुग्ण हे एक स्वतंत्र कुटुंब. त्या हिशेबाने मातोश्रींचे उत्पन्न शून्य आणि कुटुंब एका माणसाचे. त्यांस फी जवळजवळ नाहीच. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी, तीन मुलांची, कपडे धुण्याच्या कारखान्यात राबणारी बाई मात्र त्यांच्यापेक्षा अधिक फी देई. एका सभासदाने सुचविले की, जे एकत्र राहतात आणि ज्यांचा खर्च एकत्र चालतो ते एक कुटुंब मानावे. हा नियम झाला तर आमच्या घरातली चार माणसे एक कुटुंब ठरणार होती, आणि आमचे उत्पन्न दोनशे टक्क्यांच्या थोडे आत असल्याने मातोश्रींची फी वाढणार होती. ही गोष्ट आम्ही बैठकीत प्रथमच सांगून टाकली, म्हणजे मागाहून कोणास बोलावयास जागा राहू नये.

त्या रात्री घरी आम्ही मातोश्रींस सर्व समजावून सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, घरात रोज चार ताटे वाढली जातात, आणि त्यांच्या कागदावर मी एकटी? मला कोणी नाही असे लिहिले होते की काय इतके दिवस?" फी वाढणार ह्याचे त्यांस काहीच वाटले नाही. कागदावर आपण एकट्या होतो ह्याचेच त्यांस वाईट वाटले. पुढच्या बैठकीत आम्ही नव्या व्याख्येच्या बाजूने मत दिले. त्याचबरोबर, जो म्हातारा मुलाच्या छपराखाली राहतो पण ज्याच्या औषधाला मुलगा एक पैही देत नाही, अशा माणसाचे काय, हाही प्रश्न आम्ही उपस्थित केला. कारण अशी घरे सर्व समाजांत असतात, आपल्यातही असतात. तेव्हा खर्च खरोखर एकत्र चालत असला तरच कुटुंब एक मानावे, आणि खास अडचणीत फी माफ करण्याचा अधिकार कोणास असावा हे लेखी ठरवावे, अशी पुरवणी त्यास जोडली गेली.

यानंतरचा पेच अधिक कठीण होता. नियमाप्रमाणे मंडळावर नऊ ते पंचवीस सभासद असावेत, आणि त्यांपैकी निदान एकावन्न टक्के त्याच केंद्राचे रुग्ण असावेत. रुग्ण म्हणजे मागील चोवीस महिन्यांत तेथे एकदा तरी सेवा घेतलेला. नोकरवर्गापैकी कोणी, किंवा त्यांचे पतिपत्नी, मुले, आईबाप, भावंडे ह्यांपैकी कोणी मंडळावर नसावे. जे सभासद रुग्ण नाहीत, त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक वैद्यकीय व्यवसायातून आपल्या मिळकतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त कमावणारे नसावेत. मंडळाने दर महिन्यास भरावे, अंदाजपत्रक संमत करावे, मुख्य व्यवस्थापक नेमावा आणि प्रसंगी काढावा. महत्त्वाची गोष्ट ही की, हा अधिकार मंडळाचाच असावा. बाहेरच्या कोणत्याही संस्थेचा त्यावर अंकुश नसावा.

आमच्या दवाखान्याच्या घटनेत मात्र व्यवस्थापक नेमण्याचा आणि अंदाजपत्रक नाकारण्याचा हक्क मूळ संस्थेने आपल्याकडे राखला होता. २०२२ साली आमचा पहिला अर्ज नामंजूर झाला तो ह्या एका कारणावरून. मूळ संस्थेचे लोक वाईट होते असे कोणी समजू नये. त्यांनीच खुर्च्या विकत आणल्या होत्या, भिंती रंगविल्या होत्या, आणि अडीअडचणीस स्वतःच्या नावाने चेक फाडले होते. आता त्यांस सांगावयाचे की, दवाखाना टिकावयाचा असेल तर तो रुग्णांच्या हाती द्या. आपल्यापैकी ज्यांनी प्रार्थनालयाची किंवा एखाद्या मंडळाची घडी आयुष्यभर सांभाळली आहे, त्यांस ह्या मागणीची धार समजेल. बिनपगारी खुर्ची सोडणे हे पगाराची खुर्ची सोडण्यापेक्षा पुष्कळदा कठीण असते.

आठ महिने बैठका झाल्या. "ज्यांस हिशेब वाचता येत नाही ते हिशेब संमत करणार काय?" असा प्रश्न एका सभेत विचारला गेला. त्यावर तीन मुलांची ती धुलाई-कारखान्यातली बाई, जी आता आमच्यासारखीच मंडळाची सभासद होती, शांतपणे म्हणाली की, महिन्याच्या पगारात पाच माणसांचे घर चालविणाऱ्यास हिशेब वाचता येत नाही असे कोणी ठरविले? सभा स्तब्ध झाली. शेवटी संस्थापकांतील सर्वांत वडील डॉक्टर उठले. आपण मूळ उद्देश वाचून पाहिला, त्यात दवाखाना गरिबांसाठी असे लिहिले आहे, आपल्यासाठी असे कोठेच लिहिलेले नाही, एवढेच ते बोलले आणि त्यांनी घटनादुरुस्तीचा ठराव मांडला. २०२३ च्या वसंतात तो संमत झाला. जाहीर सत्कार त्यांनी नाकारला. पण त्या दिवशी ह्या गृहस्थांनी दवाखाना दुसऱ्यांदा स्थापन केला, असे आमचे मत आहे.

त्याच वर्षी शरद ऋतूत दुसऱ्या अर्जावर प्रत्यक्ष तपासणी झाली. तीन तपासनीस तीन दिवस बसले: एकाने वैद्यकीय बाजू पाहिली, एकाने पैशाची, एकाने कारभाराची. रुग्णांची काही कागदपत्रे त्यांनी स्वतः निवडून काढली आणि सूट नियमाप्रमाणे लागली की नाही हे ताडून पाहिले. मंडळाची इतिवृत्ते महिन्यावार मागितली. दवाखाना बंद झाल्यावर रात्री त्यांनी स्वतः फोन लावून पाहिला. सुदैवाने पलीकडून नर्सबाईंचाच आवाज आला. मंडळाच्या सभासदांशी ते बोलले तेव्हा व्यवस्थापकास बाहेर बसविले होते.

आम्हांस प्रश्न आला, "आपण रुग्ण आहात काय?" आम्ही सांगितले की, आमची स्वतःचीही तेथे नोंद आहे, आणि आमच्या मातोश्रींस ह्या देशात आणण्यासाठी हमीपत्रावर सही करणारे आम्हीच. नियमाच्या पुस्तकात एक लहानसे वाक्य आहे, ते वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे: स्थलांतरित रुग्णाचा कायदेशीर हमीदार हासुद्धा मंडळावर बसण्यापुरता रुग्ण मानला जाऊ शकतो. आईबापांच्या खर्चाची हमी म्हणून आपण ज्या कागदावर भीतभीत सही करतो, तोच कागद आपल्याला दवाखान्याच्या कारभारात बसण्याचा हक्क देऊ शकतो, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक असेल?

२०२४ च्या आरंभी मान्यतेचे पत्र आले. ती तीन वर्षांपुरती असते. दरसाल अहवाल आणि प्रमाणपत्र सादर करावे लागते आणि मुदत संपण्यापूर्वी पुन्हा सर्व परीक्षा द्यावी लागते. संध्याकाळची सत्रे पुन्हा सुरू झाली. आठवड्यातून दोन दिवस दंतवैद्य येऊ लागला. औषधांच्या किमती उतरल्या. मातोश्रींची पाच वर्षे २०२३ मध्येच पुरी झाली होती आणि त्यांस मेडिकेअर मिळाले होते. ज्या मान्यतेसाठी आम्ही एवढे झटलो तिची त्यांना स्वतःला तेव्हा निकड उरली नव्हती. तरी त्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्या नाहीत. मेडिकेअरचे कार्ड दाखविताना त्यांचा चेहरा असा असतो की जणू दवाखान्यास त्याच काही देऊन राहिल्या आहेत. आणि एका अर्थी ते खरेही आहे, कारण त्या कार्डामागे येणारा मोबदला आता दवाखाना चालविण्यास उपयोगी पडतो.

ह्या परीक्षापद्धतीत दोष नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. लहान दवाखान्यास आणि मोठ्या केंद्रास कागद सारखेच भरावे लागतात. मोठ्यांकडे त्यासाठी पगारी माणसे असतात, आमच्याकडे निवृत्त कारकून आणि रात्रीचा चहा होता. चांगले काम करणारी एखादी संस्था ह्या कागदांना भिऊन मागे फिरत असेल तर ते नुकसान त्या वस्तीचे असते. अर्ज नामंजूर झाला त्या वर्षी रुग्णांची गैरसोय वाढतच होती, आणि तिची भरपाई कोणी करून दिली नाही. पण हीच परीक्षा नसती तर रुग्ण मंडळावर आले नसते, कुटुंबाची व्याख्या कोणी विचारली नसती, आणि दवाखाना चार भल्या माणसांच्या आयुर्मर्यादेवर अवलंबून राहिला असता. २०२३ साली अशा केंद्रांतून ह्या देशातील तीन कोटींहून अधिक लोकांनी उपचार घेतले. एवढा मोठा व्यवहार केवळ भलेपणावर सोपविता येत नाही. भलेपणाला हिशेबाची जोड लागतेच.

शेवटी आपल्या कुटुंबांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आईवडिलांस बोलावण्यापूर्वी आपल्या गावाजवळ असे मान्यताप्राप्त केंद्र कोठे आहे ह्याची चौकशी करून ठेवावी. ते आल्यावर करू म्हटले तर गोळ्या संपतात. तेथे गेल्यावर उत्पन्नाचे कागद बरोबर न्यावेत आणि ऐपतीप्रमाणे फीची सोय मागण्यास लाजू नये. तो धर्मादाय नाही, नियम आहे, आणि ऐपत असलेल्याने ऐपतीप्रमाणे देणे हाही त्याच नियमाचा भाग आहे. आणि तिसरी गोष्ट: मंडळावर येण्याचे बोलावणे आले तर "आम्हांस त्यातले काय कळते" असे म्हणून ते परत पाठवू नये. रांगेत बसून वाट पाहिलेल्या माणसास दवाखान्याविषयी जे कळते, ते कळणारी माणसेच तेथे हवी आहेत. नव्या देशात आपण केवळ पाहुणे राहावयाचे नसेल तर जेथे आपले म्हातारे बसतात त्या बाकाची काळजी आपणच घेतली पाहिजे.